तेवढ्यात दुपार होते : मारिएनथालच्या बेकार गावातला डेटा

एका कागदावर दिवसाच्या तासांचे रकाने आखलेले आहेत. भरणारा माणूस 33 वर्षांचा, गिरणी बंद पडल्यामुळे घरी बसलेला. सकाळी सहा ते सात : उठणं. सात ते आठ : मुलांना शाळेसाठी उठवतो. आठ ते नऊ : मुलं गेली की खाली जाऊन लाकडं आणि पाणी आणतो. नऊ ते दहा : वर आलो की बायको रोज विचारते, आज काय शिजवू, तो प्रश्न नको म्हणून शेताकडे निघून जातो. दहा ते अकरा : तेवढ्यात दुपार होते. अकरा ते बाराचा रकाना कोरा.

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला डेटाचे प्रकार शिकवताना फळ्यावर एक झाड काढायची पद्धत आहे. गुणात्मक आणि संख्यात्मक अशा दोन फांद्या, मग स्वयंकथन, निरीक्षण, चाचणी, शारीरिक मापनं, जुन्या नोंदी. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात. पण वरचा कागद समोर ठेवून विचारलं, की हा कोणत्या फांदीवर बसवाल, तर वर्ग अडतो. माणसाने स्वतः भरलाय म्हणजे स्वयंकथन. तासांचे रकाने मोजता येतात म्हणजे संख्यात्मक. ‘बायकोचा प्रश्न नको म्हणून’ हे गुणात्मक. आणि कोरा रकाना? ती माहिती मिळालीच नाही असं धरायचं, की तीच सगळ्यात महत्त्वाची माहिती? एवढ्यासाठी मला हे मारिएनथालच्या अभ्यासाचं प्रकरण सविस्तर मांडायचं आहे. डेटाचे प्रकार एकमेकांशी कसे बोलतात हे दाखवणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

गाव

मारिएनथाल ही ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या आग्नेयेला, ग्रामाटनॉयझीडल गावाची गिरणी-कामगारांची वस्ती. 1830 साली हेर्मान टोडेस्को याने इथे गिरणी काढली आणि पुढची शंभर वर्षं वस्ती त्या गिरणीवरच जगली. 1929 च्या उन्हाळ्यात आधी सूतकताई बंद झाली, मग एकेक खातं, आणि फेब्रुवारी 1930 मध्ये शेवटचे मागही थांबले. पुढे इमारती पाडायला घेतल्या. ज्या आवारात आयुष्य गेलं तिथले दगड-विटांचे ढीग कामगारांना आपल्याच खिडकीतून दिसत. गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे गिरणगाव पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

1931-32 मध्ये इथल्या बेकारीचा अभ्यास झाला तेव्हा गावात 478 कुटुंबं होती, माणसं 1486. चारातली तीन कुटुंबं बेकारभत्त्यावर जगत होती. भत्ता ठरावीक आठवडेच मिळे, मग त्याहून कमी रकमेची तातडीची मदत, आणि तिची मुदतही संपली की काहीच नाही.

या गावाकडे कसं वळलं गेलं तेही सांगण्यासारखं आहे. पॉल लाझार्सफेल्ड हा गणितातला डॉक्टरेट, व्हिएन्ना विद्यापीठात कार्ल आणि शार्लोट ब्यूलर यांच्या मानसशास्त्र संस्थेत आलेला. त्याच्या पुढाकाराने 1931 मध्ये आर्थिक मानसशास्त्राचं एक छोटं संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. त्याला कामगारांच्या फावल्या वेळाचा अभ्यास करायचा होता. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्याला झापलं : देश बेकारीत बुडालाय आणि तुम्ही फावला वेळ कसला शोधताय? त्यातून मारिएनथाल पुढे आलं. लाझार्सफेल्डच्या सोबत होती मारी याहोडा, तेव्हा चोविशी-पंचविशीतली, आणि हान्स त्साइझेल. 1931 च्या अखेरीपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत मंडळी गावात जात राहिली. लोटे शेंक-डान्त्सिंगर तर सहा आठवडे तिथेच राहिली. शेवटी जमा झालेल्या कागदांचं वजन सुमारे 30 किलो भरलं.

लोक खरं का सांगतील?

या गावात माणसाने संशोधकाला खरं सांगण्यात धोका होता. भत्ता घेणाऱ्याने काहीही कमाई केली, मग ती वस्तूंच्या रूपात का असेना, तर भत्ता बंद. झाडं तोडायला मदत करून बदल्यात जळण घेतलं म्हणून एकाचा भत्ता गेला. एका बाईने दूध पोचवलं, मोबदल्यात मुलांसाठी थोडं दूध घेतलं, तिचाही गेला. चोरून काम करणाऱ्यांविरुद्ध निनावी तक्रारी होत. गिरणी बंद पडल्यावर त्या वाढल्या, आणि बहुतेक खोट्या निघत.

अशा ठिकाणी प्रश्नावली घेऊन दारोदार फिरलं तर काय हाती लागेल? ‘काही काम करता का?’ या प्रश्नाला शंभरपैकी शंभर ‘नाही’. टक्केवारी सुबक येईल आणि तिला काडीचा अर्थ नसेल. स्वयंकथनाच्या डेटाची अडचण शिकवताना आपण ‘समाजाला बरं वाटेल असं उत्तर देण्याचा कल’ असं काहीतरी सांगतो. इथे प्रश्न बरं दिसण्याचा नव्हता, मुलांच्या दुधाचा होता.

संशोधकांनी ठरवलं, की गावात कोणीही नुसता पाहुणा किंवा वार्ताहर म्हणून वावरायचं नाही. प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असं काही काम अंगावर घ्यायचं. व्हिएन्नात सुमारे 200 कपडे गोळा केले, ते धुऊन-दुरुस्त करून वाटले. बायकांसाठी कपडे बेतण्याचे वर्ग, मुलींसाठी व्यायामाचे वर्ग, डॉक्टरांची मोफत तपासणी, मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना सल्ला असं सगळं चाललं. कपडे वाटायच्या आधी शंभर घरांना भेटी दिल्या आणि कोणाला काय हवंय ते विचारलं. त्या निमित्ताने घर कसं ठेवलंय, मुलं कशी दिसतात, माणसं कशाबद्दल बोलतात हे टिपता आलं.

यावर माझे काही सहकारी आक्षेप घेतात, की मदतीच्या आडून माहिती काढणं नैतिक आहे का. प्रश्न रास्त आहे. आजच्या नैतिकता समितीपुढे हा आराखडा लेखी संमतीशिवाय पास झाला नसता, आणि होऊही नये. पण उपाशी माणसांकडून नुसती माहिती घेऊन निघून जाणं त्या तरुण टोळीला पटलं नाही, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

मागून घेतलेला डेटा, आपसूक पडलेला डेटा

लाझार्सफेल्डने पुढे चाळीसेक वर्षांनी, या अभ्यासावरच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या वेळी, गटाची पद्धत चार नियमांत सांगितली. प्रत्येक गोष्टीला बाहेरून केलेलं निरीक्षणही हवं आणि माणसाचं स्वतःचं सांगणंही. एकेकाची कहाणी आकडेवारीला जोडलेली हवी. आजच्या माहितीला मागच्या काळाची माहिती जोडलेली हवी. आणि संशोधकाने मुद्दाम मागून घेतलेल्या डेटाच्या जोडीला रोजच्या जगण्यात आपसूक पडत राहणारा डेटा हवा.

हा चौथा नियम मला फार मोलाचा वाटतो. वेळेचे तक्ते मागून घेतलेले. ते 80 जणांनी भरले. जीवनकहाण्या मागून घेतलेल्या. 32 पुरुष, 30 बायका. पण गावाच्या वाचनालयाची नोंदवही कोणी संशोधनासाठी लिहीत नव्हतं. 1929 ते 1931 च्या अखेरपर्यंत पुस्तकं नेण्याचं प्रमाण 48.7 टक्क्यांनी घटलं. पूर्वी वर्गणी होती, आता तीही नव्हती. आणि जे वाचक टिकले तेही कमी पुस्तकं नेत होते : माणशी 3.23 वरून 1.6 वर. म्हणजे वेळ अमाप, पुस्तकं फुकट, आणि वाचन निम्म्यावर. बेकारीत माणसाला वेळ मिळतो आणि तो वाचेल, राजकारण करेल, पेटून उठेल, ही त्या काळी डाव्या वर्तुळात खूप जणांची अटकळ होती. संशोधक स्वतः समाजवादी, त्यांनाही ते आवडलं असतं. नोंदवही वेगळंच सांगत होती.

वृत्तपत्रांचंही तसंच. ‘आर्बाइटर-त्साइटुंग’ हे समाजवादी पक्षाचं गंभीर दैनिक, बेकारांना सवलतीत मिळणारं. 1927 ते 1930 मध्ये त्याचे वर्गणीदार 60 टक्क्यांनी घटले. त्याच पक्षाचं, पण हलकंफुलकं ‘दास क्लाइने ब्लाट’ फक्त 27 टक्क्यांनी घसरलं. नुसता पैसा हे कारण असतं तर एवढी तफावत का पडावी? इथे एक आकडा दुसऱ्याला प्रश्न विचारतो, आणि लोकांना वाचनाबद्दल थेट विचारून हे कळलं नसतं.

खिडकीमागून

सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे रस्त्यावरचं. मुख्य रस्ता साधारण 300 मीटरचा. जेवणाच्या वेळेच्या सुमाराला, कोणाच्या नजरेत न येता, खिडकीमागून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर लक्ष ठेवलं आणि माणूस किती वेळा थांबतो ते मोजलं. शंभर माणसं मोजली, 68 पुरुष आणि 32 बायका. तीन किंवा जास्त वेळा थांबणारे पुरुष 39, बायका 3. दोनदा थांबणारे पुरुष 7, बायका 2. एकदाच थांबलेले पुरुष 16, बायका 15. एकदाही न थांबता गेलेले पुरुष 6, बायका 12.

मग न थांबता चालणाऱ्या 50 जणांचा वेग काढला. 33 पुरुषांपैकी 18 जण ताशी 3 किलोमीटरने चालत होते, 8 जण 4 ने, 7 जण 5 ने. 17 बायकांपैकी 10 जणी 5 ने, 3 जणी 4 ने, 4 जणी 3 ने.

हे आकडे नीट पाहिले तर मापनश्रेणीचा, म्हणजे कोणत्या मोजमापावर कोणता हिशोब चालतो याचा, सगळा धडा त्यात आहे. पुरुष की बाई, ही नुसती नावं. त्यांची सरासरी काढता येत नाही. ‘तीन किंवा जास्त’ हा गट उघडा आहे. चार वेळा थांबलेला आणि अकरा वेळा थांबलेला एकाच खणात. क्रम आहे, पण दोन खणांतलं अंतर सारखं नाही, म्हणून तिथेही सरासरीचा मोह टाळायला हवा. वेगाला मात्र खरा शून्य आहे. 6 हे 3 च्या दुप्पटच. अशा मोजमापाला ‘गुणोत्तरश्रेणी’ म्हणतात. पुस्तकात तो शब्द वाचून जे कळत नाही, ते तासाला 3 किलोमीटरने चालणारा माणूस डोळ्यासमोर आणला की कळतं. प्रौढ माणूस सहज चालला तरी ताशी 5 पडतात. 3 म्हणजे पाय ओढत चालणं. ज्याला कुठेच पोचायचं नाही त्याची ती चाल.

संशोधकांनी आणखी एक बारीक गोष्ट पाहिली : 100 पैकी 88 पुरुषांच्या अंगावर घड्याळ नव्हतं. त्या 88 पैकी 31 जणांकडे ते घरी पडलेलं होतं.

पण रस्त्यावरच्या या एवढ्याच तक्त्यावर विसंबलं असतं तर फसगत झाली असती. बायका भरभर चालल्या म्हणजे त्या बेकारीने खचल्या नव्हत्या का? त्या जेवणाच्या वेळी चालत होत्या, घरी चूल होती, शाळेतून मुलं येणार होती. निरीक्षण वर्तन दाखवतं, कारण दाखवत नाही. कारणासाठी वेळेच्या तक्त्यांकडेच यावं लागतं. बायकांचे तक्ते भरगच्च होते : स्वयंपाक, धुणं, रफू, पोरं. सरकारी नोंदीत गिरणीतली बाई आणि पुरुष दोघेही ‘बेकार’. संशोधकांनी स्पष्ट म्हटलं, की बायकांची कमाई गेली आहे, काम गेलेलं नाही. ‘बेकार’ हा रकानाच दोन वेगळ्या अवस्था एका नावाखाली लपवत होता. हे जनगणनेच्या नोंदीतून दिसलं नाही, नुसत्या रस्त्यावरून दिसलं नाही, नुसत्या तक्त्यातूनही दिसलं नसतं. तिन्ही एकमेकांवर ठेवल्यावर, जिथे ते जुळेनात, तिथे दिसलं.

आणि त्यातही एक वळण आहे. तक्ते पाहून वाटेल, बरं झालं, गिरणी आणि घर अशी दुहेरी ओढ तरी सुटली. पण मुलाखतीत बऱ्याच बायकांनी सांगितलं, की जमलं तर उद्या परत गिरणीत जाऊ, आणि तेही फक्त पैशासाठी नाही. एक 29 वर्षांची बाई म्हणाली, की इथे चार भिंतींत बसून राहणं हे काही जगणं नव्हे. हे कोणत्याही मोजमापात येत नाही. ते ऐकूनच घ्यावं लागतं.

पुरुषांचे कोरे रकानेही मग वेगळे वाचता येतात. त्या वेळात ते खरोखर रिकामे होते असं नाही. लाकूड आणलं, कुठे हातभार लावला, कोपऱ्यावर उभे राहिले. पण लिहायला बसल्यावर त्यांना ते आठवण्याजोगं वाटलं नाही. उठणं, जेवणं, झोपणं या तीन खुंट्या तेवढ्या उरल्या होत्या.

पोरांच्या निबंधांची किंमत

शाळेत मुलांना निबंध दिला : नाताळला मला काय हवं. निबंध म्हणजे शुद्ध गुणात्मक सामग्री. गटाने त्यातल्या मागण्यांची बाजारभावाने किंमत काढली. मारिएनथालच्या मुलांची इच्छा सरासरी 12 शिलिंगची (शिलिंग हे तेव्हाचं ऑस्ट्रियाचं चलन), आसपासच्या गावांतल्या मुलांची 36 ची. शब्दांचं संख्येत रूपांतर कसं करावं याचं हे इतकं साधं आणि इतकं जिवाला लागणारं उदाहरण आहे, की मी ते कधी विसरू शकत नाही. पण आकडा काढून झाल्यावर त्यांनी निबंध बाजूला टाकले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं, की इथली मुलं इच्छासुद्धा ‘जर-तर’मध्ये लिहितात : आईबाबांकडे पैसे असते, तर. शिलिंगच्या सरासरीत व्याकरण हरवतं. म्हणून दोन्ही ठेवायचं.

शंभर घरं, चार नावं

कपड्यांच्या निमित्ताने भेट दिलेल्या शंभर घरांची वर्णनं वाचून गटाने चार प्रकार केले. न मोडलेली : घर नीट, मुलांची काळजी, पुढचे बेत, कामाचा शोध चालू. सोसून राहिलेली : घर आणि मुलं नीट, पण बेत नाहीत, आशा नाही, गरजाच आवळून घेतलेल्या, वरवर शांत. हताश : घर नीट, पण मन पूर्ण खचलेलं, जुन्या दिवसांची सतत तुलना. आणि उदासीन : घर-मुलांकडेही लक्ष नाही, दारू, भांडणं. शंभर घरांत अनुक्रमे 16, 48, 11 आणि 25.

मग त्यांनी घराचं उत्पन्न काढलं. नुसतं भागिले माणसं असं नाही; प्रौढ पुरुष 1, बाई 0.8, चौदाच्या आतलं मूल 0.6 असे भार धरून. महिन्याला दर एककामागे न मोडलेल्या घरांत सरासरी 34 शिलिंग, सोसणाऱ्यांत 30, हताश घरांत 25, उदासीन घरांत 19.

हे पाहून वर्ग नेहमी स्तब्ध होतो. भेटीवेळचं वर्णन आणि भत्त्याचा हिशोब हे दोन वेगळ्या जातीचे डेटा, आणि ते एका रांगेत उभे राहतात. न मोडलेलं घर आणि सोसणारं घर यांच्यात महिन्याला फक्त 4 शिलिंगचं अंतर.

तरी दोन ठिकाणी हात आखडता घ्यावा लागतो. ही शंभर घरं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. गरज जास्त होती तिकडेच भेटी झाल्या. संशोधकांनी हे लपवलं नाही. गावभरचा अंदाज त्यांनी वेगळा मांडला : न मोडलेली 23 टक्के, सोसणारी 69, मोडलेली (हताश आणि उदासीन मिळून) 8. शंभर घरांतले 25 उदासीन म्हणून ‘पाव गाव उदासीन’ असं सांगत फिरलात तर ती चूक तुमची. दुसरं म्हणजे, एकाच वेळच्या चार गटांचं उत्पन्न पाहून ‘पैसा घटत गेला की माणूस या चार पायऱ्या उतरतो’ असं सिद्ध होत नाही. त्यांनी तसा तर्क केला, आणि तो पटण्याजोगाही आहे. पण तो तर्क आहे; त्याच घरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला असता तर तो डेटा झाला असता.

पाठपुराव्याला वेळच मिळाला नाही. पुस्तक 1933 मध्ये लाइप्झिगला छापलं गेलं तेव्हा जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता, आणि लेखकांची ज्यू नावं मुखपृष्ठावर छापली गेली नाहीत. लाझार्सफेल्ड त्याच वर्षी अमेरिकेला गेला. याहोडाला 1936 मध्ये ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारने तुरुंगात टाकलं; 1937 मध्ये ती देश सोडून इंग्लंडला पोचली. त्साइझेल 1938 मध्ये निघाला. याहोडाने पुढे बेकारीचा प्रश्न आयुष्यभर सोडला नाही. काम पगाराखेरीज माणसाला काय देतं याची तिने मांडणी केली : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांच्या कामात आपला वाटा, समाजात जागा, आणि हालचाल. यातली पहिली गोष्ट सरळ त्या कोऱ्या रकान्यांतून आलेली आहे.

ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच ग्रामाटनॉयझीडलमध्ये दीर्घकाळ बेकार असलेल्यांना पगारी कामाची हमी देणारा प्रयोग सुरू झाला. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासला. या वेळी चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्या केल्या, एकीला काम आधी, दुसरीला काही महिन्यांनी, म्हणजे तुलना करता यावी. उत्पन्न आणि आरोग्याबरोबर त्यांनी याहोडाच्या यादीतल्या गोष्टीही विचारल्या, दिवसाला आकार आहे का हेही. काम मिळालेल्यांच्या उत्तरांत तो आकार परत आलेला दिसला.